आढ्याचा साग

राजूरच्या वरल्या अंगाला असलेल्या देवराईतून वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा गावाचा नेम. तो मोडणाऱ्यावर भिमाजीची नजर बारा महिने. राहीबाईने एकदा चुलीपुरत्या काटक्या उचलल्या, तर म्हातारीला त्याने अर्ध्या वाटेवरून माघारी फिरवलं आणि देवापुढे दंडाचा नारळ फोडायला लावला. देवासमोरचा थोरला साग त्याच्या पूर्वजाने लावलेला, म्हणून जत्रेतला पहिला नारळ त्याच्या घराचा. या मानावर त्याचा भारी जीव.

पुण्याहून निकिता आली ती झाडांची वयं काढायला. सागाच्या खोडात वर्षाला एक कडं वाढतं, चांगल्या पावसाचं रुंद, दुष्काळाचं बारीक. पोकळ गिरमिट फिरवून ती पेन्सिलीएवढी कांडी बाहेर काढायची आणि कडी मोजायची. देवाच्या झाडाला भोक म्हटल्यावर गाव कुरकुरलं.

"काढू द्या की," भिमाजी म्हणाला. "आमचा साग किती जुना हाय, ते समद्यांना एकदा कळंल."

तिला घरी जेवायला नेलं, तेव्हा त्याने छपराच्या आढ्याकडेही बोट दाखवलं. "आज्यानं घर बांधलं तवाचं हाय. असं लाकूड पंचक्रोशीत न्हाई. ह्याचीबी काढा कांडी."

आढ्याच्या एका कडेला झाडाची साल अजून चिकटलेली होती. सालीलगतचं कडं शेवटचं, त्यावरून झाड तोडल्याचं वर्ष नेमकं सापडतं, त्यामुळे निकिताला घबाडच मिळालं.

हिवाळा सरता सरता ती परत आली. ओसरीवर बसून तिने सरळ सांगून टाकलं, "बाबा, तुमच्या सागाचं मूळ जुनं असेल, पण वरचं खोड ऐंशी वर्षांचंच आहे. जुनं झाड कुणीतरी तोडलं. त्याच्या बुंध्यातून फुटवा आला, तो हा."

"कुनी तोडलं?"

"ते लाकूड सांगत नाही."

"आन् आमचं आढं?"

तिने वही मिटली. "त्याचं झाडही त्याच सुमारास तुटलंय. पण ते हेच झाड, असं मी म्हणणार नाही. डोंगरात साग पुष्कळ होते."

पळवाट चांगली बैलगाडी जाईल एवढी होती. भिमाजी आढ्याकडे बघत राहिला. आज्याचा त्याला संताप आला, आणि राहीबाईच्या काटक्या आठवून त्याहून जास्त लाज वाटली.

जत्रेला पुजारी सहादेवने रिवाजाप्रमाणे पहिला नारळ भिमाजीच्या हाती दिला. त्याने तो गर्दीतल्या राहीबाईच्या ओंजळीत ठेवला आणि पिशवीतून आपला दुसरा काढला.

"मान तुमचा, काकी. ह्यो माझा. दंडाचा."

माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. राहीबाईने डोळे बारीक केले. "तू काय उचललंस रं?"

"घराचं आढं," भिमाजी म्हणाला आणि नारळ फोडायला वाकला.