सेनापतीने न लिहिलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. माझ्या पोटात एका रोमन सेनापतीच्या लढाया आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी त्या त्याने स्वतःच लिहून ठेवल्या. पुण्याच्या एका छापखान्यात मी मराठी झालो, गडद तांबड्या कापडाची बांधणी ल्यालो आणि मुरुडजवळच्या एका गावातल्या वाचनालयात येऊन पडलो.

पडलो हा शब्द खरा आहे. परक्या मुलखातल्या त्या लढाया तिथे कुणाला हव्या होत्या? वरच्या खणात मी वर्षानुवर्षे उभा होतो. माझी गोडी लागली ती फक्त कसरीला.

मग ते चक्रीवादळ आलं. वाचनालयाचे पत्रे उडाले आणि मी चिखलात उपडा पडलो. फुगलेली पुस्तकं रद्दीत घालायचं ठरत होतं, तेवढ्यात शाळेत शिकवणाऱ्या रश्मीताईंनी मला उचललं. त्यांनी माझ्या पानापानांत कोरा कागद घातला, पंख्याखाली वाळवलं, खळ लावून माझी पाठ बांधली. माझी पानं अजून वाकडीतिकडी आहेत, पण एकही ओळ पुसली गेली नाही. त्या हातांचे उपकार मी कसे विसरेन?

रश्मीताईंचे वडील धाकूबाबा फौजेतून निवृत्त झालेले. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. मुळातच ते कमी बोलायचे. लढाईबद्दल त्यांना काही विचारायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा वेळ जावा म्हणून ताई रोज संध्याकाळी पडवीत बसून मला मोठ्याने वाचू लागल्या. शेजारी ताईंची आई, बायजाबाई, वाल सोलत बसायची.

"हा स्वतःचंच सांगतोय ना?" पहिल्याच दिवशी बाबांनी विचारलं. "मग 'मी' का म्हणत नाही?"

"तो स्वतःला 'सेनापती' म्हणतो, बाबा. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं."

"सोपं पडत असेल," बाबा म्हणाले.

पूल बांधल्याचं, खंदक खणल्याचं वर्णन आलं की ते मान हलवायचे. एकदा एक गाव जाळल्याची ओळ आली, तेव्हा त्यांनी ती परत वाचायला लावली.

"गाव जाळलं, एवढंच? माणसं कुठे गेली?"

"ते लिहिलेलं नाही, बाबा."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या सेनापतीची लाज वाटली.

मग ते पान आलं. रोमन गलबतं एका बेटाच्या किनाऱ्याला लागली आहेत, काठावर शत्रू उभा आहे, पाणी खोल आहे आणि शिपाई उतरायला कचरत आहेत. तेवढ्यात पलटणीचं निशाण धरणारा पाण्यात उडी घेतो आणि सगळे त्याच्या मागे जातात.

"त्याचं नाव?" बाबांनी विचारलं.

"नाव दिलेलं नाही. निशाण धरणारा, एवढंच."

ताई पान उलटणार, तोच बाबांनी चाचपत आपला तळहात माझ्यावर ठेवला.

"थांब जरा." हात त्यांनी तिथेच राहू दिला. मग म्हणाले, "धाकू नावाचा एक जवान होता. एकाहत्तर साली त्याची पलटण एका नदीवर अडली. समोरून गोळ्या येत होत्या. पाण्यात उतरायला कुणाचा पाय उचलेना. तेव्हा पाली गावाकडचा येसाजी कमरेला दोर बांधून पाण्यात शिरला. पलीकडच्या झाडाला त्याने दोर बांधला. त्या दोराला धरून सगळे पार झाले. धाकू पोचला तेव्हा येसाजी झाडाशी बसलेला होता. छातीत गोळी होती. हात मात्र गाठीवरच." त्यांची बोटं माझ्या पानावर मिटली. "मी त्याची बोटं सोडवली. मी."

बायजाबाईच्या हातातले वाल सुपात पडले. "इतकी वर्सं संसार झाला, आन् येसाजीचं नाव आज ऐकते हाय," ती म्हणाली. "त्याच्या घरच्यांना ठाव हाय का ह्ये?"

"पहिल्या रजेत गेलो होतो. त्याची आई समोर बसली. तोंडातून शब्दच फुटेना. पाणी पिऊन परत आलो."

"मग आता जाऊ. आता बोलता येतंय ना तुमाला."

रोह्याला एसटी बदलून आम्ही पालीला गेलो. मी ताईंच्या पिशवीत होतो. पालीच्या पुढच्या एका गावात येसाजीची धाकटी बहीण राहीबाई भेटली, आता पिकल्या केसांची. बाबांनी सगळं सांगितलं. या खेपेला त्यांनी सुरुवातच 'मी'पासून केली.

राहीबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. "तारेत एवढंच होतं, नदी ओलांडताना गेला," ती म्हणाली. "गाव म्हणालं, बुडाला. आईला ते पटेना. म्हणायची, अंबा नदीच्या पुरात पोहणारा माझा पोर बुडेल कसा? मरेपर्यंत ती गावाशी भांडली."

"नाही बुडाला," बाबा म्हणाले. "तो पार गेला. आम्हालाही त्यानेच पार नेलं."

राहीबाई उठली आणि भिंतीवरच्या आईच्या तसबिरीसमोर जाऊन उभी राहिली. "तुझंच खरं होतं गं," ती हळूच म्हणाली. मग तिने शेजारीपाजारी बोलावले आणि बाबांना सगळं परत सांगायला लावलं. निघताना तिने बाबांचे दोन्ही हात धरले. "आता कुणी बुडाला म्हणू दे. माझ्याकडे साक्षीदार हाय."

परतीच्या एसटीत बाबांनी मला मांडीवर मागून घेतलं. "रश्मी, या रोमवाल्याने त्या निशाणवाल्याचं नाव लिहिलं असतं ना," ते म्हणाले, "तर मी गप्पच राहिलो असतो."

आता वाचनालयावर नवे पत्रे आहेत आणि मी खालच्या खणात, हाताशी असतो. मित्रांनो, मला जपा. माझी पानं दुमडू नका, ओल्या हातांनी मला धरू नका. पण कुलपात ठेवूनही मला जपू नका. घरात कुणाची नजर गेली असेल तर त्याच्याजवळ बसून मला मोठ्याने वाचा. आणि वाचता वाचता त्याने माझ्या पानावर हात ठेवला, तर पुढे जाऊ नका. माझी गोष्ट राहू द्या. त्याची ऐका.