टाकीची वरची बाजू

गाडीची शेड स्वयंपाकघराला लागूनच होती, मध्ये फक्त एक दार. उन्हाळ्यापासून त्या दाराशी मिस्त्रीणबाईंना पेट्रोलचा वास यायचा. घरात दुसऱ्या कुणाला तो येत नव्हता. म्हणजे नवऱ्याला येत नव्हता, कारण घरात माणसं दोनच. आणि नवरा असातसा नव्हे. उभा जन्म गॅरेजमध्ये गेलेला, नुसत्या वासावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा मिस्त्री. ते गाडीखाली वाकून बघत, कोरडी ठणठणीत फरशी तिला दाखवत आणि म्हणत, "कुठाय? तुला भास होतोय."

तो शब्द मिस्त्रीणबाईंच्या जिव्हारी लागला. त्यांच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी शेगडी बंद असताना काहीतरी करपल्याचा वास, मग वस्तू कुठेही ठेवून विसरणं, शेवटी पोटच्या लेकींनाच "तुम्ही कुणाकडच्या?" म्हणून विचारणं. मिस्त्रीणबाईंनी असा धसका घेतला की वासाबद्दल ब्र काढायचं सोडून दिलं. त्यांची लेक कामावर जाताना तान्ह्या नातीला त्यांच्याकडे सोडायची. गुडघेदुखीचं निमित्त काढून त्यांनी तेही बंद केलं. आपल्या हातून लेकरू कुठे विसरून राहिलं तर? लेक रुसली आणि तिने बाळाला पाळणाघरात घातलं. रिकाम्या दुपारी मिस्त्रीणबाई त्या दाराशी जाऊन उभ्या राहत, आणि वास आला की एकट्याच रडत.

पुढे गाडीनेच गचके द्यायला सुरुवात केली. फिल्टर उघडला तर आत तांबडा गाळ. टाकी गंजली, एवढं मिस्त्रींना कळलं. आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देतील तर ते मिस्त्री कसले! नवी टाकी घरी आली. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी शेडचं दार सताड उघडलं, बॅटरीच्या तारा सोडवल्या, पेट्रोल कॅनमध्ये काढून बाहेर ठेवलं आणि गाडी मागून उचलून स्टँडवर टेकवली. टाकीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते. ते सुटेपर्यंत मिस्त्रींनी बोल्ट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मिस्त्रीणबाई टॉर्च धरून बसल्या होत्या.

टाकी खाली आली. खालून ती ठीकठाक होती. वरच्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही, तिथे चिखल साचून साचून पत्र्याची पार चाळण झाली होती. पेट्रोलची वाफ तिथूनच उडून जात होती. फरशीवर थेंब पडणार कुठून?

मिस्त्रीणबाईंनी टॉर्चचा उजेड त्या भोकांवरून फिरवला. वास होता. खरोखरच होता. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण नवरा वर बघेना. स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत होता. मग त्यांच्या लक्षात आलं.

"आत्ता येतोय का तुम्हाला वास?" त्यांनी विचारलं. टाकी मिस्त्रींच्या तोंडाशी होती. मिस्त्रीणबाईंचे तर डोळे चुरचुरत होते.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "नाही," ते म्हणाले. "मागच्या तापातून उठल्यापासून कशाचाच येत नाही. लोकांना कळलं तर मला मिस्त्री कोण म्हणेल?"

"आणि मला वेड लागतंय, ते चाललं तुम्हाला?"

"तुझ्या आईचं सगळं माहीत होतं मला. तरी बोललो नाही."

आजवर मिस्त्रीणबाईंनी पुष्कळ पोटात घातलं होतं. हे घातलं नाही, आणि तेच बरोबर केलं. त्यांनी लेकीला फोन लावला आणि नवऱ्याच्या तेलकट हातात दिला. तुम्हीच सांगा, म्हणाल्या.

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून बोलले. "आईचे गुडघे धडधाकट आहेत. आपलं डोकं फिरतंय असं तिला वाटत होतं, म्हणून ती बाळाला घेत नव्हती. आणि तसं तिला मी वाटू दिलं."

पलीकडून लेक बराच वेळ बोलत होती. मिस्त्री मान खाली घालून नुसते "हं, हं" करत राहिले.

दुपार कलेपर्यंत नवी टाकी बसली. नळ्या जोडल्या, क्लिपा आवळल्या, पेट्रोल ओतलं. मिस्त्रींनी एकेक जोड डोळ्यांनी तपासला. कुठे ओल नव्हती. तरी चावी न फिरवता ते गाडीपाशी घुटमळले.

"जरा बघतेस?" ते हळूच म्हणाले. "येतोय का?"

मिस्त्रीणबाई खाली बसल्या, वाकल्या, डोळे मिटून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायची सवयच मोडली होती. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला.

"येतोय," त्या म्हणाल्या. "थोडासा. पेट्रोल भरायच्या नळीपाशी."

मिस्त्रींना तिथे काहीच दिसत नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही. तिच्याकडून पाना मागून घेतला आणि ते पुन्हा गाडीखाली शिरले.