शेवटच्या नंबरासाठी भांडण

दुमयातच्या माणसाला अख्खा इजिप्त चिक्कू म्हणतो. दारात पाहुणा आला की हे लोक म्हणे विचारतात, "जेवणार, की हलक्या पोटानं झोपणार?" उस्ता वगीदासमोर हा विनोद करायची सोय नव्हती. ती तोंडातला दोरा दातानं तोडायची आणि म्हणायची, "चिक्कू नाही रे बाबा, हिशेबी. ज्यांना हिशेब जमत नाही ते कैरोहून येतात आणि आमचेच सोफे हप्त्यानं घेऊन जातात."

वगीदा सोफे-खुर्च्या भरायची. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता दुकानाला कुलूप लागणार. हिनं चाळिशी उलटायच्या आत दाभण हातात घेतलं ते घेतलंच. सुतारांच्या त्या गल्लीत बाईला उस्ता, म्हणजे उस्ताद कारागीर, म्हणायची रीत नव्हती. पहिल्यांदा थट्टेनं म्हणाले, मग तिनं भरलेल्या खुर्च्यांवर बसून पाहिलं आणि थट्टा आपोआप थांबली. गल्लीची गमइया, म्हणजे आपली भिशी, तीच चालवायची. दहा जण, दर महिन्याला एकाचा नंबर. जो भिशी चालवतो त्याचा पहिला नंबर, हा तिथला बापजाद्यांपासूनचा कायदा, कारण कोणी बुडवलं तर भरायचं त्यानंच असतं. वगीदानं दोनदा स्वतःच्या बांगड्या मोडून भरलं होतं आणि ते कोणाला कळू दिलं नव्हतं. अर्थात सगळ्यांना कळलं होतं. गल्लीच ती.

तिच्या लेकीनं, नशवानं, कैरोत दोन मैत्रिणींबरोबर एक कंपनी काढली होती: भिशी फोनवर चालवायची. पैसे फोननं गोळा करायचे, फोननंच द्यायचे, आणि बुडाले तर कंपनी भरणार. ईदला घरी आली तेव्हा तिनं आईला गळ घातली.

"आई, पहिली गल्ली आपली असू दे ना! आपल्याच माणसांनी घेतलं नाही तर परके कशाला घेतील?"

"तुझ्या फोनला माहीत आहे का, कोणाच्या घरी लग्न निघालंय ते?"

"नाही. म्हणून ज्याचा त्यानं नंबर मागायचा. प्रत्येकानं गुपचूप कळवायचं, फोन जुळवून देणार. आणि चालवणाऱ्याचा पहिला नंबर वगैरे लाड बंद. आता चालवणारी कंपनी."

वगीदानं लेकीकडे पाहिलं. हिला शिकवायला किती सोफे भरले ते तिचं तिला ठाऊक. त्याच दिवशी ती कॉफीच्या दुकानात गेली आणि सगळ्यांदेखत बोलली, "या वर्षी भिशी माझ्या लेकीच्या फोनवर. माझा हक्क मी सोडला." पॉलिशवाला अरफा म्हणाला, "पोरीनं आईलाच नोकरीवरून काढलं की!" गल्ली हसली, वगीदाही हसली. तिची छाती मात्र फुगली होती.

आठवडा झाला नाही तोच तिच्या भाड्याच्या दुकानाच्या मालकाचा पुतण्या रमझी दारात उभा राहिला. म्हातारा वारला होता, वारसांना जागा विकायची होती. तो काही वाईट माणूस नव्हता, मान खाली घालून बोलत होता. "उस्ता, पहिला हक्क तुझा. पुढच्या शुक्रवारी इसार दे, बाकीचं वर्षभरात दे. पण इसार नसेल, तर नव्या शहरातला एक मोबाइलवाला तयार आहे."

इसाराची रक्कम भिशीच्या एका नंबराएवढी होती. वगीदाला हसावं की रडावं कळेना.

ती मोठ्या बँकेत गेली. तिथं गार हवा होती, मऊ खुर्ची होती (स्प्रिंगा ढिल्या, भरण स्वस्तातलं, हे तिनं बसताक्षणीच ओळखलं). टेबलामागच्या मुलानं तिचं ओळखपत्र मशीनमध्ये घातलं आणि फार नम्रपणे सांगितलं, "हाज्जा, आमच्याकडे तुमची काहीच नोंद नाही."

"मी अजून हजला गेले नाही, बेटा. उस्ता म्हण. आणि नोंद हवी तर चल माझ्याबरोबर गल्लीत, कोणालाही विचार."

"गल्ली चालत नाही हो. पगाराचा दाखला, नाहीतर जागा तारण."

"जागा असती तर जागेसाठी कर्ज मागायला आले असते का?"

पोरानं तिला एक कॅलेंडर दिलं. तिनं ते टेबलावरच ठेवलं.

आता उपाय एकच होता. कॉफीच्या दुकानात जाऊन म्हणायचं, मंडळी, मला पहिला नंबर हवा. कोणीही नाही म्हटलं नसतं. पण हक्क सोडला असं सगळ्यांदेखत बोललेल्या बाईनं आठवड्यात तोच हक्क मागायचा? लोक म्हणाले असते, फोनचं नुसतं नाव, आईनं पहिला नंबर मारलाच. लेकीच्या कंपनीचं नाक पहिल्याच गल्लीत कापलं गेलं असतं. शिवाय सुतार रिझ्कच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. वगीदानं रात्रभर कूस बदलली, सकाळी तोंड धुतलं आणि फोनवर शेवटचा नंबर मागितला. दुकान गेलं तर घरी बसून उशा भरीन, म्हणाली स्वतःशी. आणि मग मात्र रडली. त्या दुकानात तिची वीस वर्षं गेली होती.

दुपारी नशवाचा फोन आला. ती जवळजवळ ओरडतच होती.

"आई, तुमच्या गल्लीला वेड लागलंय का? दहाही जणांनी दहावा नंबर मागितलाय! सगळं अडकलं. आम्ही पहिल्या नंबराच्या भांडणाची सोय केली होती. शेवटच्या नंबरासाठी कोण भांडतं?"

"दहाही जणांनी?"

"दहाही! रिझ्ककाकांना मी स्वतः विचारलं, लग्न आहे ना तुमच्याकडे? तर म्हणाले, पोरी, तू तुझं काम कर."

वगीदाच्या हातातलं दाभण तसंच राहिलं. ती उठली, पदर खोचावा तशी तिनं बाही वर सारली आणि गल्लीत येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोण बोललं? रमझीच्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत होतं!"

रिझ्कनं करवत खाली ठेवली. "उस्ता, ओरडू नकोस. माझ्या मोठीच्या लग्नात तू तुझा नंबर मला दिलास. अरफाच्या वेळी बांगड्या मोडल्यास. आता तुझं दुकान जाणार, आणि आम्ही काय, मशब्बकची मिठाई खात बसायचं?"

"आणि तुझी धाकटी?"

"तिला दुसरा नंबर पुरतो. नवरदेव पळून जात नाही, मी त्याला पलंग करायला बसवलाय."

"मला सांगायचं तरी!"

"तू सांगितलंस?" अरफा म्हणाला.

वगीदानं सगळ्यांदेखत बाहीनं डोळे पुसले. फोन चालूच होता, कैरोत नशवा सगळं ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "आई, पहिला मोकळा आहे." वगीदानं पहिला नंबर घेतला. दुसरा रिझ्कनं घेतला. शेवटच्या नंबरासाठी मात्र अरफा आणि उरलेल्या सात जणांत संध्याकाळपर्यंत अशी जुंपली, की अखेर नशवालाच चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

शुक्रवारी नमाजनंतर रमझी आला, तेव्हा सगळी भिशी आपापल्या खुर्च्या घेऊन दुकानासमोर बसली होती. वगीदानं फोनवरून इसार पाठवला. रमझीनं स्वतःच्या फोनवर रक्कम पाहिली, पुन्हा पाहिली.

"इतक्या लवकर? कुठल्या बँकेनं दिले, उस्ता?"

वगीदा बोलणार तोच अरफा उठून उभा राहिला.

"बँक कसली? आम्ही दिले," तो म्हणाला. आणि मग, मुलगा डॉक्टर झाल्याचं माणूस सांगतो ना, तशा आवाजात, "त्यात शेवटचा नंबर माझा आहे."