मातेची रजा

हेमचंद्र शेठच्या नवारीच्या कारखान्यात माधव देवचके दिवाणजी म्हणून लागला आणि पहिल्याच पगाराला त्याने कपाळाला हात लावला. नगरच्या तोफखाना भागातली ती एक लांबट पत्र्याची शेड. दहा-बारा माग, रहाटावर सुताच्या कांड्या भरणाऱ्या तेवढ्याच बायका आणि सगळ्यांवर नजर ठेवायला पीरमहंमद मुकादम. लढाई चालू होती, लष्कराला खाटांसाठी नवारीच्या सुती पट्ट्या हव्या होत्या, त्यामुळे माग दम खात नव्हते. पगार मात्र शेठचे वडील देत आले तसाच चालला होता. महिनाभर राबला त्याला पंधरा रुपये, चार दिवस घरी बसला त्यालाही पंधरा, फार तर वर थोडी तंबी. कुणी महिन्याच्या मध्यावर कामाला लागला तर त्याच्या तोंडाकडे बघून आकडा ठरायचा.

माधवला हिशेबातलं असलं गबाळेपण सोसत नसे. मॅट्रिकला गणितात शाळेत पहिला आलेला माणूस, आणि ही गोष्ट तो स्वतःही विसरला नव्हता, दुसऱ्यालाही विसरू देत नव्हता. दिवाळीच्या आधी त्याने शेठपुढे नवी पद्धत मांडली. पगाराला तीसने भागायचं आणि जेवढी हजेरी तेवढाच पैसा द्यायचा. पंधरा रुपयांच्या गड्याला दिवसाचे आठ आणे. मध्येच आला, मध्येच गेला, तर तेवढ्यापुरते. रविवार आणि सणाची सुट्टी भरपगारी, पण सुट्टीच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी खाडा पडला तर सुट्टीही खाड्यात जमा. इथवर कुणाचं फार बिघडत नव्हतं. नेमाने येणारे तर खूशच झाले.

बिघडलं ते पुढच्या कलमात. घरात कुणाला देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा, आणि त्या घरातलं माणूस, देवीचं पाणी पडून घर निवळेपर्यंत कामावर यायचं नाही, ही गावाची रीत. तेवढ्या दिवसांचा पगार थोरले शेठ न कापता देत. तिला सगळे मातेची रजा म्हणत. हिंदू घेत, मुसलमान घेत, त्यात कधी कुणी वाद घातला नव्हता. माधवने हिशेब मांडला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की वर्षाचे सगळ्यात जास्त खाडे याच रजेचे आहेत. शेजाऱ्याच्या पोराला ताप आला तरी हे लोक डहाळा लावून घरी बसत असणार, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. कुणाच्या दारी जाऊन बघायची गरज त्याला वाटली नाही. रजा बंद झाली. घरात देवी असो नाहीतर पाहुणा, खाडा तो खाडा.

नवे नियम वाचून झाल्यावर पीरमहंमद मागे थांबला. बोलणं त्याच्या अंगात नव्हतं. टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, “दिवाणजी, बाकी काय बी करा. त्या दिसांना हात लावू नगा.”

कारण विचारलं तर त्याला नीट सांगता येईना. माधवने त्याला तीसचा भागाकार पुन्हा एकदा समजावून सांगितला. मुकादम मान हलवत ऐकत राहिला आणि निघून गेला.

मार्गशीर्षात हजेरी अशी भरली की शेठ स्वतः येऊन बघून गेले. एक माग रिकामा नाही, एक रहाट थांबलेला नाही. शेठ म्हणाले, तुमच्यासारखा माणूस वडिलांना मिळायला हवा होता. माधव त्या दिवशी घरी पेढे घेऊन गेला.

घर म्हणजे पलीकडच्या बोळात दोन खोल्या. तिथे त्याची बायको विजया आणि श्रावणात झालेलं बाळ. लग्नाला सात वर्षं झाल्यावर झालेली ही मुलगी. कारखान्यात खाड्यावर खाडे मांडणारा हा माणूस घरात शिरला की चपला काढायच्या आधी पाळण्याशी जायचा. तिचं नाव इंदू. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती, म्हणून तिला देवी टोचायचं लांबलं. मग दिवाळी आली, मग तिला पडसं झालं. विजया दर आठवड्याला आठवण करी आणि माधव म्हणे, संक्रांत होऊ दे, घेऊन जाऊ. गावात देवीची साथ असल्याचं बायका नळावर बोलत होत्या. माधव कारखान्याच्या वाटेवरची दारं बघत जाई. एकाही दाराला डहाळा नव्हता. साथ असती तर दिसली असती, असं तो विजयाला छातीठोकपणे सांगे. त्या दारांमागे पोरांचा आवाज येत नाही आणि भर दुपारी धुपाचा वास येतो, हे त्याच्या नाकाकानांना कळत होतं. डोक्यापर्यंत पोचत नव्हतं.

इंदूला न्हाऊ घालायला साळूबाई यायची. कारखान्यात कांड्या भरणारी, पन्नाशीची, लहानपणी देवी येऊन गेल्याने तोंडभर व्रण असलेली. सकाळी कामावर जायच्या आधी ती यायची, पाटावर पाय पसरून बाळाला पायांवर घ्यायची, तेल चोळायची, ऊन पाणी घालायची, ओव्याची धुरी द्यायची. अंघोळ होईपर्यंत गाणं थांबायचं नाही. इंदू तिचा आवाज ऐकला की हातपाय झाडायला लागायची.

पौष लागला आणि साळूबाई यायची बंद झाली. हात दुखतो असा निरोप तिने शेजारणीकडून दिला. विजयाला त्यात काही वाटलं नाही. मीच घालीन न्हाऊ, म्हणाली. माधवला मात्र राग आला, कारण साळूबाई कारखान्यात रोज वेळेवर येत होती आणि त्याच दुखऱ्या हाताने रहाट फिरवत होती. महिन्याचे पैसे ठरलेले, त्यातले आठ दिवस वाया. आपल्याच घरात आपली पद्धत कुणी गुंडाळून ठेवावी, हे त्याला झोंबलं. त्याने तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

“दादा, लेकराला दुसरी बाई बघा,” साळूबाई म्हणाली. “माझ्याच्यानं हुनार न्हाई.”

“का होणार नाही? कारण सांग.”

तिने पीरमहंमदकडे पाहिलं. पीरमहंमदने जमिनीकडे पाहिलं. बायकांनी रहाट धरून ठेवले होते. माधवला तो धाक वाटला, आणि खरं सांगायचं तर सुखावह वाटला.

“कारण नसेल तर उद्या सकाळी यायचं,” तो म्हणाला. “नाही आलीस तर इथल्या हजेरीत खाडा धरीन. संक्रांत तोंडावर आहे. ती सुट्टीही जाईल.”

ह्यात न्याय नव्हता, नियमही नव्हता. घरी बाळाला न्हाऊ घालणं आणि कारखान्याची हजेरी यांचा काडीचा संबंध नव्हता, हे त्याला मॅट्रिकला पहिला न येताही कळायला हवं होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. साळूबाईने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती आली. दारात तिने हात-पाय राखेने घासून धुतले, पुन्हा धुतले. पदर नाकातोंडावरून घट्ट आवळला. इंदूने हातपाय झाडले, पण गाणं झालं नाही. तोंड फिरवून तिने घाईघाईने पाणी घातलं, धुरी दिली, आणि बाळाला विजयाच्या हातात न देता खाली पाटावर ठेवून निघून गेली. चार दिवस हेच. विजया म्हणाली, हिला काहीतरी झालंय, डोळे रडून सुजलेत. माधव म्हणाला, कामचुकार माणसाला काम करायला लावलं की असंच होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी साळूबाईची जागा रिकामी होती. माधवने खाडा मांडला, नियमाप्रमाणे सुट्टीही कापली, आणि मुकादमाला विचारलं, आज हात दुखतोय की पाय?

“नातू गेला तिचा,” पीरमहंमद म्हणाला. “सहादेव. चार वर्साचा हुता.”

“कशाने?”

पीरमहंमदने टोपी काढून हातात धरली.

“मातेनं,” तो म्हणाला.

माधव तसाच उठला. साळूबाईचं घर नालेगावात, एका खोलीचं. ती उंबऱ्याबाहेर बसली होती. दार बाहेरून मोकळं होतं. लिंबाचा डहाळा आत, अंथरुणाच्या उशाशी टांगला होता. बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून. पोरगं कधीपासून आजारी होतं, हे त्याने विचारलं. न्हाऊ घालायची बंद झाली त्या दिवसापासून, ती म्हणाली. त्याला मांडीवर घेऊन ती रात्र काढायची आणि सकाळी तिथून उठून यायची.

“मग मला सांगायचं होतंस!”

साळूबाईला राग नव्हता. राग यायला माणसात काही उरावं लागतं.

“सांगितलं असतं तर पगार गेला असता, दादा. पोराला दूध कशाचं घालू? म्हनून म्हनलं, दुसरी बाई बघा. तुमच्या लेकरापाई म्हनलं हुतं.”

त्याच दिवशी त्याने देवी टोचणाऱ्याला घरी आणलं. तो म्हातारा सरकारी माणूस. इंदूच्या दंडावर खुणा केल्या, मग माधवला बाजूला घेऊन विचारलं, की बाळ आजाऱ्याच्या जवळच्या कुणाच्या हातात गेलं होतं का, आणि कधी. माधवने सांगितलं. म्हातारा सामान आवरायला लागला. आठवडाभर आधी आणायला हवं होतं, एवढंच म्हणाला.

पुढचे दिवस माधवने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. रोज सकाळी इंदूच्या कपाळाला आधी हाताची मागची बाजू लावायची, मग गाल. ती हसायची. पाळण्याच्या दोरीशी खेळायची. एकेक दिवस गेला की त्याला वाटायचं, सुटलो. विजयाला त्याने काही सांगितलं नव्हतं; गावात साथ आहे म्हणून टोचून घेतलं, एवढंच. कारखान्यात तो मान खाली घालून हजेरी घेई. ती अजून पूर्ण भरत होती, आणि आता ती भरलेली दिसली की तो वही घाईने मिटायचा. त्या ओळीत बसलेल्या बायका कुठल्या अंथरुणापासून उठून आल्या असतील, हे त्याला विचारवत नव्हतं. शेठना सांगून नियम मोडावा असं रोज ठरवायचा, आणि रोज उद्यावर टाकायचा. आपलीच पद्धत आपल्या तोंडाने चुकीची म्हणायला जीभ उचलत नव्हती.

रथसप्तमीच्या पहाटे इंदू तापली. दोन दिवस ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी विजयाने तिला उजेडाला नेऊन तोंड पाहिलं, तळहात पाहिले, आणि परत येऊन पाळण्याशी बसली.

“साळूबाईचा नातू देवीनं गेला, असं नळावर ऐकलं. तिला परत तुम्हीच बोलावलं होतंत ना,” ती म्हणाली. “काय सांगून बोलावलं?”

माधवने सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. ती ऐकत होती आणि बाळाच्या अंगावरची माशी हाकत होती. तो जवळ बसायला गेला तशी तिने हात आडवा धरला.

“तुम्ही कामावर जा,” ती म्हणाली. “इथं नको.”

तो निघाला. पाय सवयीने तोफखान्याकडे वळले. शेडच्या दाराशी आला, आत मागांचा खडखडाट चालू होता, शेठ पीरमहंमदला काहीतरी दाखवत उभे होते. उंबऱ्यावर पाय टाकणार, तोच त्याला कळलं, की आपल्या अंगावर रात्रभर इंदू होती. त्याने पाय मागे घेतला आणि रस्त्यात उभा राहिला.

शेठ म्हणाले, दिवाणजी, आज उशीर?

“मी आत येत नाही,” माधव म्हणाला. मागांच्या खडखडाटात ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं. “माझ्या घरी देवी आल्यात. ज्यांच्या घरी असतील त्यांनी घरी जा. कुणाचा पगार कापला जाणार नाही. कापायचा तर माझा कापा.”

शेठ काही बोलणार होते. पण तेवढ्यात रहाटावरची एक बाई उठली. तिने कांड्यांची टोपली बाजूला सारली, पदर डोक्यावरून घेतला आणि कुणाकडे न बघता बाहेर पडली. तिच्या मागून दुसरी. मग खिडकीजवळचा माग थांबला. त्याच्या शेजारचा थांबला. माणसं एकेक करून उठत होती, माधवच्या अंगावरून जात होती, आणि शेडमधला आवाज कमी कमी होत चालला होता. माधवने मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोकं मोजत होतं.

शेवटी दोन माग उरले. पीरमहंमदने हातातली नवार खुंटीला अडकवली, टोपी सारखी केली आणि शेठना म्हणाला, “घरवाली सकीना एकटीच हाय घरी. धाकट्याला माता आल्याला आज पाचवा दिस.” मग तोही गेला.