बटणांमधली बाटली

"ह्यातलं एकही जुळत नाही," नवरा तिच्या कानाशी पुटपुटला. त्याच्या चिमटीत तपकिरी, गुळगुळीत, वाटाण्याएवढं काहीतरी होतं, आणि ते तो गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाहीला लावून, मान तिरकी करून रंग ताडून बघत होता. "आणि भोकं कुठायत ह्याला?"

बटण नव्हतंच ते. जावेच्या पित्ताशयातला खडा होता. धुण्यात सुटलेली बटणं बाटल्यांत भरून खणात ठेवायची ही ह्या लाँड्रीची जुनी रीत, आणि ऑपरेशननंतर जावेला मिळालेली खड्यांची बाटली कुणीतरी त्याच रांगेत सारली होती... कुणीतरी कसलं, तिनेच. तिच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आल्यापासून हा माणूस तिला सोडून सगळीकडे बघत होता. आता खड्याकडे बघतोय, तर बघू दे निवांत.

इस्त्रीतून वाफ फुस्सकन सुटली आणि उजव्या बरगडीखाली पुन्हा तेच सुरू झालं — ओलं फडकं पिळावं तसं कुणीतरी आतून पिळत होतं, थेट पाठीतून खांद्यापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पित्ताची पिशवी काढून दाखवली होती. खडे गप्प पडून राहिले तर वर्षानुवर्षं राहतात, पण तुमचे आता बोलायला लागलेत. एखादा नळीत सरकला तर कावीळ, ताप, स्वादुपिंडाला सूज. विरघळवायच्या गोळ्या आहेत, पण त्या मोजक्याच खड्यांना लागू पडतात, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि थांबवल्या की खडे पुन्हा होऊ शकतात. त्यापेक्षा पिशवीच काढू, दुर्बिणीतून. तिच्यावाचून माणसाचं फारसं अडत नाही. "घरी तुमचं करायला आहे ना कुणी?" बाईंनी सहज विचारलं, आणि ती पदराचं टोक नीट करत बसली.

घरी सगळे बोलत होते, 'तुझं आम्ही करू' तेवढं एक सोडून. सासूबाई म्हणाल्या, तेलकट बंद कर. नवरा म्हणाला, सीझन संपू दे. जाऊ म्हणाली, "माझे मोठे होते गं, तुझे काय, बारीक आहेत." बारीक! बारीकच तर सरकतात, हे बाईंनी सांगितलेलं तिला पाठ होतं, तरी ती फक्त "हो का?" म्हणाली. त्या "हो का"ला तिने अशी काही धार लावली होती की जावेने ताट उचललं आणि आत गेली.

कारण जावेच्या वेळी सगळं मी केलं. मीच. उलटीचं भांडं धरलं, केस विंचरले, दोन्ही इस्त्र्यांवर उभी राहिले आणि तोंडातून ब्र काढला नाही — तो न काढलेला ब्र अजून जिभेखाली आहे. आता तिने म्हणावं, जा तू, मी आहे. मी मागणार नाही. कळ येऊन आडवी झाले तरी नाही. उलट तिच्यासमोरच पडावं, भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, म्हणजे जन्मभर...

"भाऊजी, तो माझा आहे," जाऊ म्हणाली. कपड्यांचं गाठोडं घेऊन ती दारात उभी होती. "माझ्या पोटातून निघालाय. कोटाला लावताय?"

नवऱ्याने खडा टाकलाच हातातून, आणि मागे मोरीकडे हात धुवायला पळाला. जावेने वाकून तो उचलला, पदराला पुसला, बाटलीत टाकला, झाकण फिरवलं.

"तूच ठेवलीस ना ही इथं."

ती उत्तर देणार होती, पण पिळा घट्ट झाला आणि तिने टेबलाची कड धरली. जावेने पाहिलं. पुढे आली नाही. बाटली हातात धरून, कपड्यावरचा डाग दाखवावा तशा आवाजात म्हणाली,

"तुला ऑपरेशन नकोच आहे. मी तुझं करायला नाही म्हणावं, एवढंच हवंय तुला."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. वाफ नुसतीच सुटत राहिली. तिने राग नेहमीच्या जागी चाचपून पाहिला.

तिथे फक्त दुखत होतं.