सापाची बाजू

न्यी खामला गावातल्या निम्म्या लोकांची कीव यायची आणि उरलेल्यांचा राग. चहा खुडणं, मुरवणं, पिणं आणि त्याबद्दल तासन्‌तास बोलणं, यापलीकडे या डोंगरातल्या पलाउंग जमातीत कुणी कधी काही केलं असेल तर ते न्यीनं एकट्यानं: बायबलातल्या पहिल्या ग्रंथाचं पलाउंग भाषांतर. आज गावानं ते ऐकून होकार दिला, की यांगोनहून आलेले तपासनीस सॉ बेनेट शिक्का मारणार होते. मग पुढचे पासष्ट ग्रंथही न्यीकडेच. म्हणजे जन्मभर खुर्ची. मळ्याचं तोंड पाहायला नको.

सरपंच ता ओंग यांच्या चुलीभोवती वाचन सुरू झालं. पहिले दोन अध्याय गाव पेंगत होतं. हा इथला भक्तिभाव, असं न्यीनं पलाउंग न कळणाऱ्या सॉ बेनेटना बर्मीत समजावलं. तिसऱ्या अध्यायात साप आला आणि गाव खडबडून जागं झालं.

"आजी आली गं!" न्यीची आईच ओरडली.

गावाच्या समजुतीप्रमाणे अख्खं गाव नागकन्येच्या अंड्यातून आलेलं, म्हणून साप म्हणजे सगळ्यांची आजी. न्यीला हे ठाऊक होतं, पण असल्या गावठी गोष्टी तो लक्षात ठेवत नसे. त्यानं ठणठणीत आवाजात पुढचं वाचलं: देव सापाला म्हणाला, तू पोटावर चालशील, माती खाशील.

चुलीत लाकूड तडतडलं.

"थांब," ता ओंग म्हणाले. "देवानं नवऱ्याला विचारलं, बायकोला विचारलं. आमच्या आजीला कुणी विचारलं?"

"आजोबा, ते असंच लिहिलंय."

"म्हणजे बाजू न ऐकता शिक्षा? असं तर पलीकडच्या गावचा सरपंचसुद्धा करत नाही, आणि तो गाढव आहे!"

"काय म्हणतायत?" सॉ बेनेटनी विचारलं.

"भाषा ओघवती आहे म्हणतायत."

"हे भांडण मिटल्याशिवाय होकार नाही," ता ओंगनी जाहीर केलं.

"अहो, ही जगाच्या सुरुवातीची गोष्ट आहे!"

"मग फारच लांबलंय. चहा आणा."

इथली रीतच होती: दोन्ही बाजूंनी एका ताटातला मुरवलेल्या पानांचा चहा खाल्ला, साक्षीदारानं वर एक घास घेतला, की भांडण मिटलं. पुन्हा उकरायचं नाही. आजीच्या बाजूनं गाव होतंच. देवाच्या बाजूनं कोण? सगळ्यांनी सॉ बेनेटकडे पाहिलं. टाय लावलेले ते एकटेच होते.

"पाहुणचार आहे, घ्या," न्यी त्यांना म्हणाला.

सॉ बेनेटनी चवीनं खाल्लं आणि आणखी मागितलं. देवाचं मन मोठं आहे, यावर गावाचं एकमत झालं. साक्षीचा घास न्यीपुढे आला. या अडाण्यांसाठी एवढं तर करावंच लागणार, असं मनात म्हणत त्यानं तो गिळला.

"मान्य!" ता ओंगनी मांडीवर थाप मारली. "शापापर्यंतचं सगळं मान्य."

"आणि पुढचं? देव त्या दोघांना बागेतून हाकलतो."

"का म्हणून? मिटलं ना आता?"

"पण आजोबा, ते हाकलले गेले म्हणूनच पुढचं सगळं घडतं!"

"नाही गेले. बागेतच आहेत. सुखी आहेत. किती ग्रंथ उरले होते तुझे?"

"पासष्ट."

"वाचलास बघ पोरा!" ता ओंगनी प्रेमानं त्याची पाठ थोपटली.

"तो घास मी मनापासून नव्हता खाल्ला," न्यी घाईनं म्हणाला.

"माझ्या हातचा चहा खाऊन उलटतोस?" आई उठून उभी राहिली. "दातात अजून पान आहे मेल्या!"

"आता काय म्हणतायत?" सॉ बेनेटनी विचारलं. "फारच आनंदात दिसतायत."

न्यीनं एक खोटं शोधलं, दुसरं शोधलं. आई बघत होती. "पुढचं नको म्हणतायत," तो म्हणाला. दिवसभरात त्यानं केलेलं हे पहिलंच नेमकं भाषांतर.

गावाला नको असलेला ग्रंथ गावावर लादायचा नाही, असा सॉ बेनेटांच्या कचेरीचा नियम होता. त्यांनी अडीच अध्यायांवर शिक्का मारला, खाली ‘काम समाप्त’ लिहिलं आणि हा चहा डब्यात भरून मिळेल का, असं हातांनी खुणा करत विचारलं.

"मिळेल की," आई म्हणाली. "न्यी, साहेबांना विचार, कोवळ्या पानांचा हवा की जून पानांचा? जेवढा जाईल तेवढा उद्या तूच खुडून आण."