ओलं बोट

तिने बाबांचं मनगट धरलं आणि सुई टोचता टोचता थांबली. बोट ओलं होतं.

"पुसलं नाहीत?"

"हात धुवायला तूच सांगतेस. आता पुसायचेही?"

"काल सांगितलं. परवाही सांगितलं."

"रोज तेच काय ऐकवतेस गं."

तिने ओठ आवळले. रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्या जिथे बनत, त्या कारखान्यात ती तपासनीस होती. साखरेच्या पाण्याचा थेंब पट्टीवर सोडायचा आणि त्यातून निघणारा विजेचा प्रवाह मोजायचा, हेच दिवसभराचं काम. साखर जास्त तर वीज जास्त, थेंब पातळ केला की वीज कमी. आणि घरात गेले पंधरा दिवस बाबांचा आकडा छान उतरतोय म्हणून ती मावशीला फोनवर कौतुकाने सांगत सुटली होती.

"म्हणजे रक्तात पाणी मिसळत होतात. मुद्दाम?"

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

"बाबा, मी तुमच्याशी बोलतेय. कुणाला फसवताय, यंत्राला? उद्या डोळे गेले, पाय गेला, तर त्यालाही पाणी लावणार आहात? लहान मूल परवडलं."

"ओरडू नकोस."

"मग सांगा ना, का ते."

त्यांनी टेबलावरचा कापूस घेतला आणि बोट पुसलं. सावकाश, नखाच्या कडेपर्यंत.

"मावशीला तूच म्हणालीस ना," ते म्हणाले, "बाबांची साखर आटोक्यात आली तरच त्या दुसऱ्या शहरातल्या नोकरीला हो म्हणेन. दार उघडं होतं. शुक्रवारपर्यंत कळवायचंय, तेही ऐकलं."

तिने त्यांचं बोट पुन्हा हातात घेतलं. मग तिने सुई टोचली. कोरड्या बोटावर थेंब नीट उभा राहिला. दोनशे ब्याऐंशी. बाबांनी आकड्याकडे पाहिलंच नाही, ते तिच्याकडे बघत होते.

तिने यंत्र बाजूला सरकवलं आणि फोन लावला.

"मावशी, पुढच्या महिन्यापासून मी इथे नसेन. रोज सकाळी आमच्याकडे येशील का? काही नाही गं. बाबांचं बोट पुसायला."

"तिला कशाला मध्ये आणतेस?" बाबा कुरकुरले. "डोकं खाईल माझं."

"खाऊ दे. तुम्ही चपला घाला, आधी डॉक्टरांकडे जाऊ."

ती अजून चिडलेलीच होती. चपला मात्र तिनेच त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या.